दिवसभराची सुई

फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडे पऱ्हाट्या उपटण्याची घाई सुरू होते. शेवटची वेचणी आटोपलेली असते, रान मोकळे करायचे असते आणि ऊन दिवसेंदिवस चढत असते. २०२३ साली अशाच एका दुपारी आमच्या दादांच्या उजव्या तळपायात पऱ्हाटीचा खुंट घुसला.

परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे झरी हे आमचे गाव. थोरले भाऊ, म्हणजे दादा, तिथे शेती पाहतात. मी परभणीत शिक्षक होतो आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिलो. पायात खुंट जाणे ही काही शेतकऱ्याच्या घरात बोलून दाखवण्याजोगी गोष्ट नव्हे. दादांनी जखमेत हळद दाबली, वर फडके बांधले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात गेले. आठवड्याभरात पाऊल सुजले. दुखत मात्र फारसे नव्हते आणि दुखत नाही याचेच सगळ्यांना बरे वाटत होते. दहाव्या दिवशी पहाटे वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे धड बोलेनात. अंग नुसतं भट्टीवाणी तापलंय. तुम्ही गाडी घेऊन या."

दोन तासांनी दादा परभणीतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. पायातला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता, रक्तदाब कोसळला होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काकांना डायबेटिस किती वर्षांपासून आहे?"

"दादांना? छे! अहो, वाळक्या अंगाचा माणूस. गोडसुद्धा फार खात नाहीत."

त्यांनी हातातला कागद माझ्यापुढे धरला. रक्तातली साखर ४१८ होती.

बाहेरच्या बाकावर तोवर नातेवाईक जमले होते. अशा वेळी धीर देणारे चार असतात, तसे भीती घालणारेही चार असतात. इन्सुलिन सुरू केल्याचे कळताच एक मावसभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, इन्सुलिन कामून देऊ देता? एकदा का ती सुई लागली की जन्मभर सुटत नाही. त्यांना म्हणा, गोळ्यांवर भागवा." खोटे कशाला बोलू? मलाही तसेच वाटत होते. शेवटी मी धीर करून आत गेलो आणि डॉक्टरबाईंना तेच विचारले. दिवसभर धावपळ करून थकलेल्या त्या बाई माझ्यावर चिडल्या असत्या तरी मला राग आला नसता. पण त्या चिडल्या नाहीत. "सर, दोन मिनिटं बसा," म्हणाल्या आणि त्या रात्री व पुढच्या दिवसांत त्यांनी मला जे थोडे थोडे समजावले, ते आज तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते. कारण अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसण्याची वेळ कोणत्या कुटुंबावर केव्हा येईल, हे सांगता येत नाही.

पहिली गोष्ट अशी की, माणूस गंभीर आजारी पडला की मधुमेह नसला तरी त्याची साखर वाढू शकते. शरीराला वाटते, मोठे संकट आले आहे; लढायला इंधन हवे. मग ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन ही संप्रेरके उसळतात, यकृत आपल्या कोठारातली साखर रक्तात ओतू लागते आणि त्याच वेळी शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मार आणि रक्तस्राव यांनंतर साखर वाढते, हे पाहिले होते. कोविडच्या काळात तर आपण सगळ्यांनीच ते पाहिले. जीव वाचवण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागत होते आणि स्टेरॉइडमुळे साखर आणखी चढत होती. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस म्हणजे 'काळ्या बुरशी'चे जे रुग्ण महाराष्ट्रभर आढळले, त्यांत आटोक्यात नसलेली साखर हे एक मोठे कारण होते.

मग दादांची साखर आजारामुळे वाढलेली की आधीचीच? याचा उलगडा एका साध्या रक्ततपासणीने होतो. लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला साखर किती चिकटली आहे, यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. साडेसहा टक्के किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. दादांचा आकडा निघाला १०.६. म्हणजे खुंट पायात जाण्याच्या कितीतरी आधीपासून साखर अंगात मुरत होती. तिने पायाच्या नसा बधिर केल्या होत्या, म्हणूनच एवढी जखम दुखली नव्हती. ज्या गोष्टीचे आम्हाला बरे वाटत होते, तीच खरी धोक्याची खूण होती.

वाळक्या अंगाचेही कोडे सुटले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांच्याही उंची-वजनाचे गुणोत्तर एकच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून बारीक, आतून चरबीदार अशी आपली भारतीय ठेवण असते आणि म्हणून मधुमेह फक्त शहरातल्या जाड माणसांचा, हा समज आपल्याला महाग पडतो. २०२३ च्या जूनमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे आले, ते देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगत होते. त्यांत आमच्या दादांसारखे न तपासलेले किती असतील!

आता सुईकडे येतो. दादांच्या खाटेजवळ एक छोटे यंत्र होते. त्यात पन्नास मिलिलिटरची सिरिंज बसवलेली आणि तिच्यातले इन्सुलिन थेंबाथेंबाने शिरेत जात होते. सिस्टर दर तासाला रक्त तपासत आणि यंत्राचा वेग कमी-जास्त करीत. रक्तसुद्धा बोटाच्या टोकाचे नव्हे, मनगटाच्या धमनीत घातलेल्या नळीतून घेत. रक्तदाब पडलेला असताना बोटाच्या टोकाचे रक्त खरे बोलत नाही. आकडा ४१८ वरून ३२० वर आला, मग २५०, २१०, पहाटे १७० झाला. मला उत्साह आला. म्हटले, "आता सकाळपर्यंत शंभरवर आणा."

"नाही सर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आम्हाला १४० ते १८० च्या मधेच ठेवायचंय."

यामागे एक इतिहास आहे. २००१ साली बेल्जियमच्या ल्यूव्हेन शहरात डॉ. ग्रेटा व्हान डेन बर्घे यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या १५४८ रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांची साखर निरोगी माणसासारखी, ८० ते ११० ठेवली. त्या गटातले अतिदक्षता विभागातले मृत्यू आठ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर आनंदीआनंद झाला आणि रुग्णालये साखर शंभरच्या आसपास आणण्यामागे लागली. पण २००९ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा व अमेरिका इथल्या सहा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासाने वेगळेच सांगितले. साखर कडक आवळलेल्या गटात नव्वद दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले. १८० पर्यंत मोकळीक दिलेल्या गटात २४.९ टक्के. साखर धोकादायक पातळीखाली जाण्याचे प्रमाण तर पहिल्या गटात ६.८ टक्के होते आणि दुसऱ्यात अवघा अर्धा टक्का. मेंदू साखरेवर चालतो. तुम्हाआम्हाला साखर उतरली की हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, आपण काहीतरी तोंडात टाकतो. गुंगीत असलेला रुग्ण कुणाला सांगणार? तेव्हापासून १८० च्या वर गेली तर इन्सुलिन सुरू करायचे आणि साधारण १४० ते १८० मध्ये ठेवायचे, ही मधली वाट बहुतेक ठिकाणी धरली जाते.

तिसऱ्या दिवशी मी आणखी एक शहाणपणा केला. कुणीतरी सांगितले होते की, आता चोवीस तास पुरणारे इन्सुलिन निघाले आहे, दिवसातून एकदा टोचले की झाले. मग दर तासाला हे रक्त काढणे कशाला? डॉक्टरबाई हसल्या. "सर, तुमच्या घरी शेती आहे ना? धूळपेरणी माहीत असेल."

कोरड्या रानात बी टाकून पावसाची वाट पाहायची, ती धूळपेरणी. पाऊस कधी आणि किती येईल, ते आपल्या हाती नसते. त्या म्हणाल्या, रक्तदाब पडलेल्या रुग्णाच्या कातडीखाली रक्त पुरेसे फिरत नाही. अंगावर सूज असते. अशा कातडीत दिलेले लांब पल्ल्याचे इन्सुलिन तसेच पडून राहील आणि रक्तप्रवाह सुधारला की नको त्या वेळी उगवेल. शिवाय शिरेतल्या इन्सुलिनचा अंमल काही मिनिटांचा. काही बिघडले तर यंत्र बंद केले की थोड्या वेळात जोर ओसरतो. कातडीखाली टोचलेली दिवसभराची सुई मात्र परत काढून घेता येत नाही.

ही दिवसभराची सुई तयार व्हायला माणसाला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. पण त्या इन्सुलिनचा अंमल काही तासांत उतरे. दिवसात अनेकदा टोचावे लागे. १९३६ साली डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन हागेडॉर्न यांनी माशांपासून मिळणारे प्रोटामीन हे प्रथिन त्यात मिसळून त्याचा वेग मंदावला. आणि २००० साली ग्लार्जिन आले. पेनमध्ये ते आम्लधर्मी, पाण्यासारखे स्वच्छ असते. कातडीखाली गेले की तिथे त्याचे बारीक कण साकळतात आणि दिवसभर हळूहळू विरघळत राहतात. निरोगी माणसाचे स्वादुपिंड रात्रंदिवस जे मंद इन्सुलिन सोडत असते, त्याची ही नक्कल.

पाचव्या दिवशी दादांचा रक्तदाब औषधाविना टिकू लागला. नाकातल्या नळीतून अन्न नीट जात होते. गेल्या कित्येक तासांत यंत्राचा वेग तासाला दीड युनिटवर स्थिर होता. चोवीस तासांचे झाले ३६ युनिट. पण डॉक्टरांनी तेवढे दिले नाही. त्यातला एक तृतीयांश हात राखून २४ युनिट ग्लार्जिन टोचले. आणि यंत्र लगेच बंद केले नाही, आणखी दोन तास चालू ठेवले. शिरेतल्या इन्सुलिनचा अंमल चटकन संपतो आणि कातडीखालचे कामाला लागायला वेळ घेते. मधल्या रिकाम्या वेळात साखर पुन्हा उसळते.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन पायाची जखम साफ करायची होती. त्यासाठी नळीतले अन्न थांबवले. अन्न थांबताच सिस्टरांनी साखरेचे सलाईन जोडले आणि पुन्हा तासातासाला रक्त तपासायला सुरुवात केली. मी विचारले, तर त्या म्हणाल्या, "अन्न बंद झालं तरी सुई आत काम करतेच आहे ना, सर." हे वाक्य मी तेव्हा ऐकले आणि विसरून गेलो.

मार्चच्या मध्यावर दादा घरी आले. दोन बोटे गेली, पाय वाचला. सोबत ग्लार्जिनचे पेन, साखर तपासायचे मशीन आणि रात्रीचे २४ युनिट. वहिनी चौथी शिकलेल्या. पण दोन दिवसांत त्या पेनवरचा आकडा फिरवायला, पोटावर जागा बदलून टोचायला शिकल्या. एका जुन्या वहीत त्या रोजचा आकडा लिहीत. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चाळिशीपार जातो आणि वीज केव्हा जाईल त्याचा नेम नसतो. न उघडलेली पेने शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवली. चालू पेन एका छोट्या डब्यात, डबा मडक्यात आणि मडके ओल्या वाळूत, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. उघडलेले पेन चार आठवड्यांनंतर वापरायचे नाही, म्हणून त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. ज्या मावसभावाने मला घाबरवले होते, तोच एकदा ही सगळी मांडणी वाकून पाहून गेला.

आमचे चुकले ते पुढे. जखम भरत आली, तसे वहीतले आकडे उतरू लागले. १६०, १४०, ११०, मग ९५. आम्ही खूश! मे महिन्यात डॉक्टरांकडे जायचे होते. कडक उन्हाचे कारण झाले. जूनमध्ये जायचे होते. त्या वर्षी पाऊस लांबला आणि जूनच्या अखेरीस आला, तेव्हा सगळे घर पेरणीत गुंतले. आजारपणात शरीर इन्सुलिनला जुमानत नव्हते, म्हणून २४ युनिट लागत होते. आजार गेला, शरीर पुन्हा ऐकू लागले, सुई मात्र २४ चीच राहिली.

२९ जूनला आषाढी एकादशी होती. दादांनी आयुष्यात कधी ती मोडली नव्हती. यंदा तर जीव वाचला म्हणून पाणीसुद्धा घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. आदल्या रात्री नेहमीप्रमाणे सुई घेतली. दुपारी वहिनींना ते ओसरीवर बसलेले दिसले. सदरा घामाने चिंब, नजर कुठेतरी लागलेली, विचारले त्याचे भलतेच उत्तर. वहिनींनी मशीन आणले. आकडा होता ४६.

त्यांनी एकादशी पाहिली नाही. चार चमचे साखर पाण्यात ढवळली आणि दादांना गिळता येत होते तोवर घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा पाहिला, ६८. पुन्हा साखर. मग भाकर-दूध. मला फोन लागला तेव्हा आकडा शंभरवर आला होता. मी म्हणालो, "चला, संकट टळलं." वहिनी म्हणाल्या, "कशाचं टळलं, भाऊजी? सुई रात्रीपर्यंत आत हायच की." त्या सिस्टरांचे वाक्य मला तेव्हा आठवले. आम्ही दादांना परभणीला आणले. संध्याकाळी त्यांची साखर खरेच पुन्हा खाली गेली, पण तेव्हा शेजारी सलाईन होते आणि पाहणारी माणसे होती. हीच उतरती साखर त्यांनी झरीत, रात्री झोपेत असताना गाठली असती तर, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

डॉक्टरबाई रागावल्या, आणि ते योग्यच होते. डोस २४ वरून १४ वर आणला, पुढे गोळ्यांची जोड देऊन ८ वर. "एकदा लागली की सुटत नाही" हे त्या सुईबद्दल आम्ही ऐकले होते. प्रत्यक्षात ती कमी होत होती आणि आम्हीच तिला कमी होऊ देत नव्हतो.

आपल्या घरचे कुणी अतिदक्षता विभागातून इन्सुलिन घेऊन घरी येणार असेल, तर निघताना चार प्रश्न जरूर विचारा. ही सुई किती तास काम करते? जेवण चुकले, उलटी झाली किंवा उपास असला तर काय करायचे? आकडा किती खाली गेला तर फोन करायचा? आणि डोस पुन्हा ठरवायला नेमके कोणत्या तारखेला यायचे? उत्तरे कागदावर लिहून घ्या. साखर ७० च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काही ओतू नका. तडक दवाखाना गाठा. आणि आपल्या मनाने डोस कमी-जास्त करू नका, बंद तर मुळीच करू नका. पुस्तकातून किंवा माझ्यासारख्या मास्तराच्या लेखातूनही डोस ठरत नाही.

२०२४ च्या आषाढीला दादांनी उपास केला. आठ दिवस आधी डॉक्टरबाईंना विचारून आले. त्यांनी आदल्या रात्रीची सुई कमी करून दिली, निर्जळी करायची नाही अशी अट घातली आणि दिवसातून चार वेळा तपासायला सांगितले. दुपारी मी झरीला गेलो, तेव्हा दादा ओसरीवर भगर खात बसले होते आणि वहिनी वही उघडून शेजारी होत्या. "किती?" मी विचारले. "एकशे अठरा," त्या म्हणाल्या आणि आकडा लिहून पेन्सिल कानामागे खोचून आत गेल्या.